नितीनचा एक तास

आमच्या स्वयंपाकघरात एक कपाट आहे. त्यात झाकणं नसलेले डबे साठतात. कोण आणतं, कधी आणतं, पत्ता लागत नाही. पण दर पॉटलकनंतर, म्हणजे घरोघरचे डबे आणून जमायच्या जेवणानंतर, दोन तरी वाढलेले असतात. आमच्या आफ्रिका ट्रिपच्या किश्श्यांचं तसंच झालंय. ट्रिप होती दहा दिवसांची. ती होऊन वर्ष उलटून गेलं. तरी इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीला कुणाच्याही डेकवर आम्ही पाच जण एकत्र सापडलो की एखादा नवा किस्सा बाहेर येतो, आणि तो ऐकून आम्हीच म्हणतो, "अरे, हे राहिलंच होतं की!"

लोक विचारतात, "काय मग, सिंह दिसले का?"

दिसले ना. पण खरं सांगू, सिंहाबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. सिंह झोपतो. सांगण्यासारखं असतं ते आमच्या नितीनबद्दल, कारण तो झोपत नाही, बसत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये नितीनला दोन स्टेंट घातले. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आडवा असताना या माणसाने ऑफिसच्या टीमला मेसेज टाकला, "रनिंग टेन मिनिट्स लेट." हे मला त्याच्या बायकोने, मंजिरीने सांगितलं. सांगताना ती हसत होती. तेव्हापासून तिला एक सवय लागली. नितीनचा सोफ्यावर डोळा लागला, की ती जवळ जाऊन उभी राहते आणि त्याच्या छातीकडे बघत राहते. हलतेय ना? हलतेय. मग परत कामाला लागते.

डॉक्टरांनी सांगितलं, आता जरा निवांत व्हा. मुलगी ईशा बॉस्टनहून येऊन सांगून गेली, "बाबा, यू हॅव टू अनप्लग." कंपनीने लवकर रिटायर होण्याचा फॉर्म दिला होता, तो ड्रॉवरमध्ये पडून होता. मंजिरीचं म्हणणं, भर. नितीनचं म्हणणं, सप्टेंबरमध्ये नवीन प्रोजेक्ट सुरू होतंय, ते माझ्याशिवाय होणार नाही. घरात तीन महिने हाच विषय चालू होता, आणि मग माझा नवरा विवेक एकदा जेवता जेवता म्हणाला, "आपण सगळे कुठेतरी लांब जाऊ या यार. जिथे काही करण्यासारखंच नसेल."

म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही टांझानियाला गेलो. निवांत व्हायला!

* * *

जायच्या आधी पंधरा दिवस नितीनची एक्सेल शीट आली. तिच्यात चार टॅब होते. फ्लाइट्स, औषधं, प्राणी आणि चौथा, रिलॅक्सेशन.

चौथा टॅब मी अजून जपून ठेवला आहे. "६.१५ ते ७.०० : सूर्योदय (रिलॅक्स). ११.०० ते ११.४५ : रिलॅक्स. ४.०० ते ४.३० : रिलॅक्स, पाऊस आल्यास आत." शेवटच्या कॉलमचं नाव होतं 'ओनर', म्हणजे जबाबदारी कुणाची, आणि प्रत्येक ओळीपुढे लिहिलं होतं, नितीन.

मंजिरी म्हणाली, "विश्रांतीला ओनर कशाला?"

नितीन म्हणाला, "मग फॉलो-अप कोण करणार?"

त्यावर मंजिरीने लॅपटॉप मिटला आणि आमच्या सगळ्यांसमोर पैज लावली. "एक तास. सलग. फोन नाही, घड्याळ नाही, कागद-पेन नाही. एका जागी बसायचं, काही करायचं नाही, आणि कुणी बसवलं म्हणून नाही, आपल्या मनाने. दहा दिवसांत एकदा जमलं, तर रिटायरमेंटचा विषय मी आयुष्यात परत काढणार नाही. नाही जमलं, तर आल्याबरोबर फॉर्म भरायचा."

"एक तास? बास?" नितीन म्हणाला. "डन!"

पंच म्हणून शुभाताईंची नेमणूक झाली. शुभाताई आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. तीस वर्षं फार्मसीत उभं राहून त्या रिटायर झाल्या आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. त्यांच्याकडे टोमॅटोच्या आकाराचा एक किचन टायमर आहे. पीळ देऊन साठवर आणायचा, मग तो टिकटिक करत शून्यावर येतो आणि किंचाळतो. तो टोमॅटो त्यांनी पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "माझ्याकडे वशिला चालणार नाही."

* * *

तुम्ही कधी तिकडे जाणार असाल, तर माझा पहिला सल्ला, कापडी पिशव्या न्या. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगना टांझानियात बंदी आहे. हे नितीनच्या शीटमध्ये लिहिलेलं होतं, पण दुसऱ्या टॅबमध्ये, औषधांच्या खाली, आणि ते शुभाताईंनी वाचलं नव्हतं.

आता शुभाताई आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या हा एक वेगळाच अध्याय आहे. न्यू जर्सीत दुकानांमधून पिशव्या बंद झाल्या, तेव्हा आम्ही सगळे हळहळलो आणि विसरलो. शुभाताईंनी मात्र सिंकखालचा जुना साठा चोवीस कॅरेटच्या सोन्यासारखा सांभाळला. कुणाला डबा द्यायचा झाला तरी त्या बजावतात, "पिशवी परत आण हं!" तर हा सगळा साठा त्यांनी आफ्रिकेसाठी बाहेर काढला. चिवडा एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर गाठ. शंकरपाळे तसेच. मेतकूट तसंच. लाडू तर तीन पिशव्यांच्या आत होते.

किलिमांजारोच्या विमानतळावर बॅग उघडायला सांगितली. तिथली अधिकारी बाई फार गोड होती. एकेक गाठ सोडत गेली आणि पिशव्यांचा ढीग वाढत गेला. खायचं सगळं तुमचं, ती म्हणाली, पिशव्या मात्र इथे ठेवायच्या.

शुभाताई इंग्रजीत म्हणाल्या, "बट मॅडम, दीज आर ओल्ड! दीज आर बिफोर द बॅन!"

बाईंनी ऐकून घेतलं आणि पिशव्या ठेवूनच घेतल्या.

आता चिवडा न्यायचा कशात? रांग खोळंबलेली. नितीन सोल्यूशन शोधायला लागला, म्हणजे तो शेजारच्या काउंटरवरच्या लोकांना त्यांची रांग कशी लावायची ते सांगायला लागला. शेवटी शुभाताईंनीच विवेकच्या बॅगेतून त्याचा नवा कोरा पायजमा ओढून काढला, दोन्ही पायांना खालून गाठी मारल्या, एका पायात चिवडा भरला, दुसऱ्या पायात शंकरपाळे, आणि वरून नाडी आवळली.

दहा दिवस आम्ही त्यातूनच खाल्लं. जीपमध्ये कुणीतरी म्हणायचं, "विवेक, डावा पाय इकडे दे रे."

* * *

दुसरा सल्ला कपड्यांचा. फिकट रंगाचे न्या. खाकी, क्रीम, मातकट, काहीही. गडद निळा आणि काळा चुकूनही नको. त्से-त्से नावाची एक माशी असते, तिला हे दोन रंग भारी आवडतात, आणि ती जीन्सवरूनसुद्धा चावते.

आम्हाला हे तारांगिरे पार्कमध्ये शिरल्यावर कळलं. आमचा गाइड होता बराका, चाळिशीचा, शांत, हळू बोलणारा. तो इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत सांगते. सकाळी आम्ही पाचही जण जीपपाशी गेलो, आणि बराका आमच्याकडे बघतच राहिला.

कारण नितीनने सगळ्यांसाठी ग्रुप टीशर्ट छापून आणले होते. गडद निळे. छातीवर पांढऱ्या अक्षरांत 'रिलॅक्स'.

थोडं पुढे गेल्यावर बराकाने जीप थांबवली आणि झाडाला टांगलेलं एक निळं-काळं फडकं दाखवलं. "हा माश्यांचा सापळा आहे. त्या रंगाला भुलून येतात आणि यावर बसतात." मग त्याने मागे वळून आमच्याकडे क्रमाने पाहिलं आणि फार आदबीने म्हणाला, "सेम कलर."

नितीनचा पहिला प्रयत्न त्या दिवशीचाच. नदीकाठी हत्ती पाणी पीत होते, समोर पन्नास तरी असतील, पिल्लं सोंडेने चिखल उडवत होती. असं दृश्य, की माणूस हातातलं घड्याळ विसरेल. नितीनने घड्याळ काढून मंजिरीकडे दिलं, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "ताई, लावा."

ताईंनी टोमॅटो पिळला. पहिल्या मिनिटाला नितीनने एक थप्पड आपल्या मानेवर मारली. दुसऱ्या मिनिटाला दोन. तिसऱ्या मिनिटाला तो उभा राहून स्वतःच्या पाठीवर थपडा मारत होता, आणि चौथ्या मिनिटाला त्याने बराकाला सांगितलं, की हे सापळे फार लांब लांब टांगलेत, मी तुम्हाला लेआउट करून देतो.

"चार मिनिटं," शुभाताईंनी जाहीर केलं.

एका माणसाला मात्र त्या दिवशी एकही माशी चावली नाही. विवेकला. जीप सुरू झाली की विवेक झोपतो, हा त्याच्या शरीराचा धर्म आहे. तो क्रीम रंगाची चादर डोक्यावरून घेऊन तारांगिरे पार्क या टोकापासून त्या टोकापर्यंत झोपला. हत्ती त्याने नंतर माझ्या फोनमध्ये पाहिले.

* * *

मग आम्ही न्गोरोंगोरोला गेलो. म्हणजे एक प्रचंड मोठी डोंगराची वाटी आणि तळाशी गवत आणि जनावरं. पहाटे थंडी वाजते, स्वेटर न्या. आणि दुर्बीण प्रत्येकाची वेगळी हवी, नाहीतर घरात भांडणं होतात. आमच्यात झाली.

तिथल्या लॉजवर मंजिरी पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरली. नितीनला मीठ कमी, तेल कमी, हे सांगायला. तिथल्या मुख्य आचारी होत्या मामा नेमा. तिकडे मामा म्हणजे आई, आणि बायकांना मुलांच्या नावाने हाक मारतात. यांच्या मुलीचं नाव नेमा, म्हणून या मामा नेमा. त्यांनी मंजिरीला विचारलं, तुझं मूल? ईशा. झालं! मंजिरीची मामा ईशा झाली. मीठ कमी सांगायला गेलेली बाई दीड तासाने बाहेर आली, ती फोडणी शिकवून. जेवायला बसलो, तेव्हा मामा नेमांनी खास नितीनसाठी बिनमिठाचं उगाली पाठवलं, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मंजिरी स्वतः मात्र जेवायला बसलीच नाही. ती उभ्या उभ्या नितीनच्या ताटात काय आहे ते तपासत होती, मग त्याच्या गोळ्या आणायला खोलीवर गेली, मग पाणी कोमट आहे का ते बघायला आत गेली. मामा नेमा दारात उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मामा ईशा, पोले पोले." म्हणजे हळूहळू, सावकाश. तिकडे हे दिवसातून शंभर वेळा ऐकू येतं.

"हो, हो, पोले पोले," मंजिरी म्हणाली आणि धावत नितीनची शाल आणायला गेली.

दुसरा प्रयत्न त्या लॉजच्या बागेत झाला. दोन झाडांमध्ये झोळी बांधलेली होती. नितीन त्यात पडला. शुभाताईंनी टोमॅटो पिळून गवतावर ठेवला. दहा मिनिटं झाली, बारा झाली. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मंजिरी लांबूनच त्याची छाती हलतेय का बघत होती. एकोणिसाव्या मिनिटाला झोळीतून आवाज आला, "ताई, इथे सकाळी सगळ्या जीप एकाच वेळी निघतात, म्हणून गेटवर गर्दी होते. तुमच्या लक्षात आलं का?"

आणि तो उठून मॅनेजरकडे गेलासुद्धा. त्याने त्यांना जीप सोडण्याचं नवीन टाइमटेबल करून दिलं. दुसऱ्या दिवशी गेटवर खरोखरच गर्दी झाली नाही! मॅनेजरने नितीनचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "सर, दरवर्षी सुट्टीला इथेच या."

मंजिरीने डोक्याला हात लावला.

* * *

आता सिंहाचं सांगते, नाहीतर म्हणाल आफ्रिकेत जाऊन सिंहाचा किस्सा नाही.

दुपारचं ऊन होतं. वाटीच्या तळाशी सावली नावाला नाही. आमची जीप थांबली होती. गवतातून एक सिंहीण आली, जीपला वळसा घातला आणि आमच्या सावलीत, अगदी चाकाला टेकून, आडवी झाली. मग दुसरी आली. मग एक मोठा आयाळवाला आला आणि तोही पसरला.

बराकाने इंजिन बंद केलं आणि कुजबुजला, "आता कुणी हलायचं नाही. ते उठतील तेव्हाच आपण निघू."

"किती वेळ?" नितीन कुजबुजला.

"त्यांची मर्जी."

शुभाताईंचे डोळे चमकले. त्यांनी आवाज न करता पर्समधून टोमॅटो काढला. नितीनच्या ते लक्षात आलं. फोन मंजिरीकडे, घड्याळ मंजिरीकडे. खाली सिंह, वर नितीन. जाणार कुठे?

दहा मिनिटं. वीस. तीस. नितीनच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण पठ्ठ्या बसला होता. चाळीस. पन्नास. मंजिरीचं तोंड उतरायला लागलं. ती पैज हरत होती, आणि प्रोजेक्ट सप्टेंबरमध्ये सुरू होत होतं.

साठाव्या मिनिटाला टोमॅटो किंचाळला. तिन्ही सिंह दचकून उठले, आमच्याकडे अत्यंत तुच्छतेने पाहिलं आणि निघून गेले. बराकाने पहिल्यांदाच आपली टोपी काढून डोकं खाजवलं.

"झाला!" नितीनने दोन्ही हात वर केले. "एक तास! जिंकलो!"

शुभाताईंनी शांतपणे टायमर पर्समध्ये टाकला. "नाही धरणार."

"का?"

"आपल्या मनाने बसायचं ठरलं होतं. तू सिंहाने बसवलं म्हणून बसलास."

नितीनने अपील केलं, बराकाला साक्षीला बोलावलं, पण निकाल बदलला नाही. एवढ्या गोंधळात मागच्या सीटवरची चादर हलली. विवेकने डोकं बाहेर काढलं, आळोखेपिळोखे दिले आणि विचारलं, "काय रे, काही दिसलं का?"

* * *

छोट्या विमानाने जाणार असाल तर चाकांची कडक बॅग नेऊ नका, मऊ बॅग लागते आणि वजनाची मर्यादा फार कडक असते. यावर एक मोठा किस्सा आहे. त्यात मी तीन कुर्ते एकावर एक घातलेले आहेत आणि पायजमा शुभाताईंच्या कडेवर आहे. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

* * *

झांझिबारला पोचलो. समुद्रकिनाऱ्यावर पांढरी वाळू, नारळाची झाडं, समोर निळं पाणी. ईशाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, आर यू रिलॅक्सिंग?"

"ऑफ कोर्स! थांब, तुला दाखवतो." आणि त्याने फोनचा कॅमेरा समुद्राकडे न वळवता भिंतीकडे वळवला. तिथे त्याने एक कागद चिकटवला होता. चार मिनिटं, एकोणीस मिनिटं, साठ मिनिटं (वादग्रस्त). खाली एक रेघ वर चढत गेलेली.

"ओ माय गॉड. बाबा, यू मेड अ चार्ट?"

"प्रोग्रेस दिसायला नको?"

ईशा हसायला लागली. मग तिने विचारलं, "आई कुठेय? आई, हाउ आर यू डुइंग?"

मंजिरी दोन खोल्यांच्या मध्ये नितीनचे ओले कपडे घेऊन उभी होती. "मी? मला काय झालंय?" ती म्हणाली. "बाबांना सनस्क्रीन लावायला सांग, माझं ऐकत नाहीत."

* * *

शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. नितीनला एक शेवटची संधी होती, आणि मंजिरीला खात्री होती, की आता काही तो बसत नाही.

नितीनच्या शीटप्रमाणे त्या दिवशी दहा ते बारा स्नॉर्केलिंग होतं. पावणेदहाला आम्ही गॉगल, फ्लिपर्स वगैरे घालून बदकासारखे किनाऱ्यावर गेलो, आणि समुद्र नव्हता.

म्हणजे अक्षरशः नव्हता! आदल्या संध्याकाळी पायऱ्यांना लागलेलं पाणी पार लांब, एका बारीक रेघेइतकं दिसत होतं. मधे सगळी ओली वाळू, डबकी, आणि कलंडून पडलेल्या होड्या. तर माझा शेवटचा सल्ला, झांझिबारला जाताना भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा. आणि त्या वाळूत अनवाणी फिरू नका, काटेरी प्राणी असतात.

नितीन फ्लिपर्ससकट रिसेप्शनवर गेला. "समुद्र कधी येणार?"

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "दुपारी, सर."

"त्याच्या आधी नाही येणार?"

"नाही, सर. पोले पोले."

आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, की नितीनला कुणाला मेल करता येईना. त्याने फ्लिपर्स काढले, बूट घातले आणि एकटाच वाळूतून चालत निघाला. फोन आणि घड्याळ खोलीतच होतं. आम्ही व्हरांड्यात होतो. लांबवर एक म्हातारे गृहस्थ कलंडलेल्या होडीच्या सावलीत बसून मासे धरायची टोपली विणत होते. नितीन त्यांच्यापाशी थांबला. आता हा त्यांना टोपली कशी विणायची ते शिकवणार, असं मला वाटलं. पण तो काही बोललेला दिसला नाही. त्यांनी थोडं सरकून जागा केली, आणि नितीन बसला.

शुभाताईंनी कुणाला न सांगता टोमॅटो पिळला आणि कठड्यावर ठेवला.

दहा मिनिटं झाली. त्याची पाठ आमच्याकडे, होडीला टेकलेली. वीस झाली. म्हातारबाबांचे हात चालत होते, नितीनचे नव्हते. पंचवीस मिनिटांनी विवेक खुर्चीत सरळ होऊन बसला. जागा! कुणीतरी त्याला विचारलं, बरं वाटतंय ना?

चाळीस मिनिटं झाली. म्हातारबाबा उठले, टोपली खांद्याला लावली आणि गावाकडे चालू लागले. आता नितीनही उठणार. पण नाही. तो तसाच बसून होता, मान एका बाजूला थोडी कललेली.

पन्नास.

मंजिरी कधीची कठड्याला धरून उभी होती. "हरले मी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तो हलत का नाहीये?"

"पैजच ती आहे," विवेक म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. "नाही, पण मेधा, तू बघ ना. इतका कसा शांत बसलाय? तो असा बसत नाही." तिने माझी दुर्बीण घेतली. ती डोळ्यांना लावली, काढली, परत लावली. "त्याची छाती दिसत नाहीये इथून."

आणि ती धावली. चपला पायऱ्यांवरच राहिल्या. ओल्या वाळूतून, डबक्यांतून, अनवाणी, "नितीन! नितीन!" असं ओरडत. मी तिला अशी धावताना कधी पाहिली नव्हती. आम्ही सगळे तिच्या मागे, शुभाताई हातात टोमॅटो घेऊन.

तिने त्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

नितीनने डोळे उघडले. "काय गं? काय झालं?"

मंजिरीने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मग ती त्याच्या दंडावर चापट्या मारायला लागली, आणि रडायला लागली. "असं बसतात का? असं बसतं का कुणी? माणसाने थोडं तरी हलावं!"

टोमॅटो अजून टिकटिकत होता. शुभाताईंनी तो डोळ्यांजवळ नेला.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या.

"हे नाही चालणार!" विवेक उसळला. पूर्ण जागा होता तो. "बाहेरच्या माणसाने डिस्टर्ब केलंय! नितीन आपल्या मनाने बसला होता, मी साक्षीदार आहे! त्याला ती दोन मिनिटं द्यायला पाहिजेत!"

शुभाताईंनी नितीनकडे पाहिलं. तो मंजिरीच्या पायाकडे बघत होता. वाळूने भरलेला, टाचेपाशी कशाने तरी कापलेला.

"नको," नितीन म्हणाला. "दोन मिनिटं कमी पडली. हरलो मी. फॉर्म भरतो."

मंजिरीने डोळे पुसले. "अरे, पण..."

"नियम म्हणजे नियम. ताई, हो ना?"

"हो," शुभाताई म्हणाल्या.

नितीन होडीच्या सावलीत थोडा सरकला आणि त्याने शेजारची वाळू हाताने सारखी केली. "आता तू बस."

मंजिरी बसली. समोर समुद्र अजून आला नव्हता. आम्हीही मागे जरा लांब बसलो. शुभाताईंनी टोमॅटोला पीळ दिला, पूर्ण साठवर आणला आणि दोघांच्या मधे वाळूत ठेवला.

चार मिनिटं झाली.

"नितीन," मंजिरी म्हणाली, "तू पाणी प्यायलास का?"